काठावरचं माणूस

ठकू ज्या दवाखान्यात कामाला होती त्याचं पाटीवरचं नाव चांगलं दोन ओळींचं आणि भारदस्त होतं, पण समोरचा चहावाला त्याला सरळ 'विसरभोळ्यांचा दवाखाना' म्हणायचा आणि पत्ता विचारणाऱ्यालाही तसंच सांगायचा. पत्ता विचारणारे जरा दुखावायचे, पण बरोबर पोचायचे.

ठकू तिथली डॉक्टर नव्हती. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत. त्यांच्याकडे जाण्याआधी माणसाला ठकूच्या खोलीतून जावं लागे. ती समोर बसवून पाच शब्द सांगायची. कंदील, मोर, रेशीम, विहीर, पिवळा. मग त्या माणसाला भलत्याच कामात गुंतवायची. घड्याळ काढा, त्यात पावणेचार वाजवा, शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात. आणि तो घामाघूम झाला की साळसूदपणे विचारायची, "मघाशी मी पाच शब्द सांगितले होते, ते कुठले?"

माणसं चिडायची. मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसं म्हणायची, घड्याळ काढायला मी काय बालवाडीत आलोय? पण पेशंटला सांभाळणं सोपं, नातेवाइकांना गप्प बसवणं महाकठीण. बायको खोकल्याचं निमित्त करून हळूच 'मोर' म्हणायची. मुलगा बापाच्या कोपराला ढोसायचा. ठकू त्यांना गोड आवाजात सांगायची, "तुम्ही मदत केलीत की त्यांची मदत होत नाही." हे वाक्य तिनेच तयार केलं होतं आणि तिला ते मनातून फार आवडायचं.

जाताना सगळ्यांचा प्रश्न एकच. मेंदू तल्लख राहायला काय खायचं? ठकू सांगायची, खाण्यापेक्षा चाला, पुरेसं झोपा, माणसांत बसा, रोज काहीतरी नवीन शिकायला घ्या. ऐकणाऱ्यांचा चेहरा पडायचा. त्यांना गोळी हवी असायची. ठकू स्वतः यातलं काही करत नव्हती हा भाग वेगळा. नवरा जहाजावर, पदरात अडीच वर्षांचा टिल्लू, आणि नोकरी. चालायचं म्हणाल तर ती बस पकडायला पळायची तेवढंच.

ती हे सगळं रेटू शकत होती ते आईच्या जिवावर. टिल्लू दिवसभर आजीकडे असायचा.

आईला गावात 'कोचबाई' म्हणत. नगरपालिकेच्या तलावावर तिने उभा जन्म मुलांना पोहायला शिकवलं होतं. अर्धं गाव तिच्या शिट्टीवर तरंगायला शिकलं. बाजारात समोर दिसली तर पोट सुटलेले बाप्ये अजून श्वास ओढून ताठ चालायचे. तलाव सुटला तरी डोकी मोजायची खोड सुटली नव्हती. चार माणसं जमली की आईची नजर डावीकडून उजवीकडे फिरायची आणि ओठ हलायचे. पाण्याच्या बाबतीत तर ती कुणाचं ऐकायची नाही. बादलीत घोटाभर पाणी असेल आणि घरात पोर असेल, तर त्या बादलीकडे पाठ करायची नाही, हा तिचा नियम. हौसेने टब घेतलेल्या खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला तिने यावरून असं काही झापलं होतं, की त्यांनी त्यात शेवटी झाडं लावली.

मेंदू तल्लख ठेवण्याच्या बाबतीतही आई ठकूच्या दवाखान्याची आदर्श पेशंट शोभली असती. रोज पोहायची. कोडी सोडवायची. समोरच्या दाराच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींशी तासन्‌तास गप्पा मारायची. साठीनंतर ती चक्क माउथ ऑर्गन शिकायला लागली होती आणि त्याचा त्रास सगळा मजला मुकाट सोसत होता.

अशा बाईबद्दल शंका यायचं काही कारणच नव्हतं. म्हणून ठकूला ती आली नाही.

एकदा दुपारी दवाखाना लवकर सुटला. ठकू आईकडे आली तेव्हा मावशी दारातच भेटल्या, दोऱ्याची रिळं आणायला निघाल्या होत्या. आत रेडिओ चालू होता आणि आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. टिल्लू तिथे नव्हता. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता.

नळ सोडलेला होता. कपडे भिजवायचा मोठा टब काठोकाठ भरून पाणी जमिनीवर वाहत होतं, आणि टिल्लू टबाच्या काठावर पोट टेकवून, पाय अधांतरी, पाण्यात गेलेला चमचा काढायला वाकला होता.

ठकूने त्याला कमरेला धरून उचललं. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. आवाज टिल्लूने केला, कारण चमचा राहिला होता. तो ऐकून आई आली. तिने नळ बंद केला, टबाकडे पाहिलं, आणि खरंखुरं रागावून म्हणाली, "हे कोणी भरून ठेवलं?"

घरात चौथं माणूस नव्हतं.

टबापेक्षा त्या प्रश्नाने ठकू हादरली. मग आजवर ज्याकडे तिने कानाडोळा केला होता ते सगळं एकामागून एक पुढे यायला लागलं. आईने आठवडाभरात तीनतीनदा सांगितलेली तीच बातमी. मध्येच सोडून दिलेली कोडी. माउथ ऑर्गनवर गेले कित्येक दिवस वाजणारी तीच एक चाल, जिच्यावरून तिने 'आई, पुढची शीक की' म्हणून चेष्टाही केली होती. लोकांच्या आयांचं हे सगळं तिला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

"आई, एकदा आमच्याकडे येऊन जा," ती म्हणाली. "सहज."

"सहज कुणी जात नाही तुमच्याकडे," आई म्हणाली. पण शनिवारी आली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडलं. ठकूला ही नोकरी लागली तेव्हा तिला तपासणीचा अजिबात सराव नव्हता. लोकांना असले प्रश्न विचारताना ती अडखळायची. मग सराव कुणावर करायचा? आईवर. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संध्याकाळ-संध्याकाळ दोघी बसायच्या. आई कधी चिडका म्हातारा व्हायची, कधी ठार बहिरी आजी, आणि मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन ठकूचा चेहरा न्याहाळायची. "भुवया," ती म्हणायची. "माझं चुकलं की तुझ्या भुवया वर जातात. समोरच्याला लगेच कळतं. खाली ठेव." ठकूच्या भुवया आईने खाली आणल्या. आणि त्या नादात कंदील, मोर, रेशीम, विहीर, पिवळा हे पाच शब्द आईच्या अंगात पाढ्यांसारखे मुरले. घड्याळातले पावणेचारही मुरले, आणि त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशीही.

दवाखान्याचा नियम होता की आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही. त्यामुळे आईला शेजारच्या खोलीतल्या सहकारी बाईंनी घेतलं. ठकू काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. कपाटात दुसऱ्या शब्दांचे संचही असत, एखाद्याला लगेच पुन्हा तपासायचं झालं तर वापरायला. ठकूने दार ढकलून एवढंच म्हणायचं होतं, की आईला पहिला संच पाठ आहे, दुसरा घ्या. एक वाक्य. ते तिच्या जिभेवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे सोमवार आला. टिल्लूला कुठे ठेवायचं, सुट्टी कोण देणार, आणि त्याहून म्हणजे, टिल्लू हातातून काढून घेतला तर आईचा दिवस कसा जाणार. ती मूग गिळून गप्प बसली. रोज लोकांच्या बायकांना 'खोकू नका' म्हणणारी बाई दाराबाहेर उभी राहून न खोकता मदत करत होती.

आईने पाचही शब्द धडाधड सांगितले. घड्याळ असं काढलं की भिंतीवर टांगावं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हसून म्हणाले, "कोचबाई, तुमच्याकडूनच आम्ही शिकायला हवं. वयाप्रमाणे थोडंफार चालायचंच." त्यांनी लहानपणी तिच्याच हाताखाली तलावातलं पाणी प्यायलं होतं, त्यामुळे ते अदबीने जिन्यापर्यंत सोडायला आले.

ठकूचा जीव भांड्यात पडला. निदान तिने तसं ठरवलं. रस्त्याने ती भराभरा बोलत होती, आईला नवा माउथ ऑर्गन घेऊ म्हणत होती. बसथांब्यावरचं बाकडं रिकामं दिसलं तशी आई जाऊन बसली.

"ठके, तलावावर काही पोरं कशी पोहायची, सांगितलं होतं का मी तुला?"

"कशी?"

"हात जोरजोरात मारायची, तोंडाने फूफू करायची, आणि पाण्याखाली एक पाय तळाला टेकवून लंगडी घालत पुढे जायची. वरून बघणाऱ्याला वाटावं, काय झकास पोहतंय. आईबाप काठावर टाळ्या वाजवायचे."

"मग तू काय करायचीस?"

"ओरडायची नाही. खोल पाण्याकडे न्यायची." आईने मांडीवरची पिशवी नीट केली. "मी आज पाय टेकवून पोहले."

बस आली, उभी राहिली आणि गेली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"तुला कळलं होतं ना?" आईने विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

"मला पास व्हायचं होतं," आई म्हणाली. "त्या बाई 'छान' म्हणाल्या तेव्हा बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? मग जिन्यावरून उतरताना तो टब डोळ्यांपुढे आला. तो मीच भरला असणार, ठके. दुसरं कोण भरणार? पण मला तो भरल्याचं आठवत नाही. काही केल्या आठवत नाही." तिने ठकूकडे वळून पाहिलं. "तुझ्याकडे दुसरे शब्द असतील ना? घरी गेल्यावर घे."

"आपल्या माणसाची घेता येत नाही."

"तेव्हा इतक्या संध्याकाळी घेतलीस की."

घरी आल्यावर टिल्लूला मावशींकडे आणखी थोडा वेळ राहू दिलं आणि दोघी टेबलाशी बसल्या. खुर्च्या त्याच, बाजूही त्याच. ठकूने दुसरा संच घेतला. तो तिला पाठच होता. त्यातला पहिला शब्द 'चमचा' मुद्दाम गाळला, त्याच्या जागी दोरी घातली. दोरी, हरीण, लोकर, बाग, निळा. आईने शब्द दोनदा म्हटले, बरोबर म्हटले. मग शंभरातून सात. मग घड्याळ. या खेपेला ठकूने वाजवायला सांगितले पाच वाजून वीस मिनिटं. आईने गोल काढला, आकडे नेटके मांडले, छोटा काटा पाचावर ठेवला, आणि मोठ्या काट्यापाशी तिची पेन्सिल थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी तिने मोठा काटाही पाचावरच आणून ठेवला आणि मान तिरकी करून पाहत राहिली. काहीतरी चुकलंय हे तिला दिसत होतं. काय, ते दिसत नव्हतं.

"आता मघाचे शब्द," ठकू म्हणाली. दवाखान्यातला आवाज तिने कसाबसा आणला होता.

"दोरी," आई म्हणाली. मग लगेच, "कंदील. मोर." आणि स्वतःच हात झटकला. "नाही, ते जुने. ते मध्ये येतायत. सरका रे." ती खिडकीकडे पाहत राहिली. "दोरी," पुन्हा म्हणाली.

ठकू थांबली. नियमाप्रमाणे जेवढं थांबायचं त्याहून जास्त थांबली.

"भुवया," आई म्हणाली.

मग मात्र ठकूला राहवलं नाही. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. कुठल्याही पेशंटसमोर ती कधी रडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आजवर कुठल्याही पेशंटला तिने जे विचारलं नव्हतं तेही तिने विचारलं. कागदावर त्या प्रश्नाला जागाच नसते.

"आतून कसं वाटतं, आई?"

आईने विचार केला. तिला घाईने उत्तर द्यायची सवय नव्हती. "तू शब्द दिलास की तो हातात असतो बघ. चांगला घट्ट धरलेला असतो. पुन्हा बघावं तर हात रिकामा. गेल्याचं एवढं काही नाही, वस्तू हरवतातच. पण कधी गेला तेच कळत नाही. त्याची भीती वाटते." मग म्हणाली, "जुनं मात्र जात नाही. तलावावरच्या पहिल्या वर्षीची पोरं आत्ता नावानिशी सांगेन. तुमच्या शास्त्रात याला काही कारण आहे का?"

कारण होतं, आणि ठकूला ते येत होतं. ताजी आठवण आधी एका जागी उतरते, तिथून हळूहळू मुरत जाते, आणि हे दुखणं आधी त्या उतरायच्या जागेलाच धरतं. मुरलेलं तेवढं बरेच दिवस शाबूत राहतं. ती हे लोकांना रोज सांगायची. आईला सांगताना तिला प्रत्येक वाक्य पहिल्यांदाच कळत होतं. आईने सगळं ऐकलं, दोन शंका विचारल्या, आणि चांगल्या विचारल्या.

"म्हणजे डोकं चालतंय अजून माझं," ती म्हणाली. "नुसतं नवीन टिकत नाही. हे आणखी वाढेल?"

"डॉक्टर नीट तपासण्या करतील. कधीकधी कारण साधं असतं, औषधाने सुधारतं. पण..."

"पण बहुतेक वाढेल. बरं." आईने पेन्सिल आडवी ठेवली. "सोमवारी जाऊन त्यांना खरं सांग. तुझं आणि माझं, दोघींचं. आता टिल्लूचं बोल."

"मी सुट्टी घेते. बिनपगारी घेईन, कशीही घेईन."

"आणि मी काय करू? भिंतीकडे बघत बसू? तूच लोकांना सांगतेस ना, माणसांत राहा म्हणून." आईचा आवाज आता तलावावरचा झाला होता. "तलावावर कोच कधी एकटा नसतो. एक पाण्यात असतो पोरांबरोबर, आणि एक काठावर. पाण्यातल्याने शिकवायचं, खेळायचं, हसवायचं. काठावरच्याने नुसतं बघायचं. माझा जन्म पाण्यात गेला. मला पाण्यातच राहू दे. काठावर माणूस ठेव."

ठकू मान हलवत होती, तिला ते पटायला वेळ लागत होता, तोवर आई उठून समोरचं दार वाजवायला गेलीसुद्धा. उद्यावर ढकललं तर विसरेन, म्हणाली.

मावशींच्या खोलीत उजेड कमी, हे रडगाणं त्या वर्षानुवर्षं गात होत्या. आईने त्यांना आपली खिडकी देऊ केली, मशीन इकडे आणा म्हणाली, आणि कशासाठी ते आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. बाथरूमच्या दाराला वर कडी बसवू, नळावर आणि शेगडीवर नजर तुमची. मावशी आधी गांगरल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, "काही काळजी करू नका, मी तुमच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघेन."

"माझ्याकडे नको," आई म्हणाली. "पोराकडे बघा. माझ्याकडे काय बघायचंय?"

सोमवारी सकाळी ठकू टिल्लूला घेऊन आली तेव्हा मशीन खिडकीशी लागलेलं होतं आणि मावशी सुईत दोरा ओवत होत्या. बाथरूमच्या दारावर नवी कडी होती, टिल्लूचा हात पोचणार नाही इतकी उंच. टिल्लू धावत जाऊन आजीच्या गुडघ्यांना बिलगला. ठकूने पिशवी ठेवली, घड्याळ पाहिलं आणि निघाली. तिला दवाखान्यात लवकर पोचायचं होतं. डॉक्टरांपुढे जे सांगायचं ते ती रस्ताभर घोकत आली होती.

"थांब," आई म्हणाली. "अशी जाऊ नकोस. आधी याचं सगळं सांग मला. नव्या बाईला सांगतात तसं."

"आई, तुला सगळं ठाऊक आहे."

"आज आहे. रोज सांगत जा, म्हणजे ज्या दिवशी नसेल त्या दिवशी वेगळं वाटणार नाही. तुलाही आणि मलाही."

मावशींनी मशीन थांबवलं. ठकू दारातून परत आली आणि आईसमोर खुर्चीवर बसली. तिने सांगितलं. केळं अर्धंच द्यायचं, पूर्ण दिसलं तर खात नाही. झोपताना निळा रुमाल लागतो. मिक्सरला घाबरतो, लावायचा असेल तर आधी सांगायचं. पडला तर लगेच उचलायचं नाही, तो आधी आपल्याकडे बघतो आणि मग रडायचं की नाही ते ठरवतो. यातली बहुतेक माहिती ठकूला आईनेच दिलेली होती. आई मन लावून ऐकत होती, मान डोलावत होती, एखादं वाक्य पुन्हा म्हणून बघत होती. ठकूच्या भुवया जागच्या जागी होत्या.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"एक राहिलं." आईने टिल्लूला उचलून कडेवर घेतलं. "मला हाक काय मारतो हा?"

ठकूला क्षणभर कळेना की हे नव्या बाईचं सोंग आहे की खरंच विचारतेय. तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे बघूनही कळलं नाही.

"आजी म्हणतो," ती म्हणाली.

"चालेल," आई म्हणाली, आणि त्याला घेऊन आत गेली.